साताऱ्यातून धूमकेतू पाहायचाय? आधी तिथी बघा, मग डोंगर

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो. ‘आज रात्री आकाशात ऐंशी हजार वर्षांतून एकदा येणारा धूमकेतू, चुकवू नका!’ सोबत अर्ध्या आकाशावर शेपटी पसरलेला फोटो. वेळ दिलेली नसते, दिशा दिलेली नसते. मग लोक जेवणं उरकून साडेदहाला गच्चीवर जातात, अर्धा तास वर बघतात आणि ‘काही नाही, सगळं खोटं असतं’ म्हणत खाली येतात. धूमकेतू खराच आलेला असतो. फक्त तो आठ वाजताच यवतेश्वरच्या डोंगरामागे गेलेला असतो.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे ज्यांनी एकही धूमकेतू पाहिलेला नाही आणि पुढचा आला की तो हुकवायचा नाही. सगळे पहिला प्रश्न विचारतात तो दुर्बिणीचा. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. कोणत्या तिथीला, कोणत्या दिशेला, कोणत्या माळावर उभं राहायचं हे जमलं की साध्या द्विनेत्रीवर (बायनॉक्युलरवर) काम होतं. ते जमलं नाही तर लाखाची दुर्बीणही उपयोगाची नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. धूमकेतू उल्केसारखा सर्रकन जात नाही. तो ताऱ्यांमध्ये स्थिर दिसतो, ताऱ्यांबरोबरच उगवतो आणि मावळतो, आणि त्याची सरक दुसऱ्या दिवशी शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिल्यावर कळते. त्यामुळे ‘आज रात्रीच’ वगैरे काही नसतं. चांगला धूमकेतू आठ-पंधरा दिवस तरी हाताशी असतो.

पायरी १: बातमीतून कामाचं तेवढं वेचा

बातमीत विशेषणं भरपूर असतात, पण आपल्याला हव्या असतात चार गोष्टी: पूर्ण नाव, तो सूर्याच्या सर्वांत जवळ कधी येणार, पृथ्वीच्या सर्वांत जवळ कधी, आणि त्याची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, किती सांगितला आहे.

नाव वाचायला शिका, त्यात बरंच असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला धूमकेतू होता सी/२०२३ ए३ त्सुचिनशान-अ‍ॅटलस. ‘सी’ म्हणजे ठरलेल्या मुदतीने सारखा फेरी न मारणारा. त्यात बहुतेक दीर्घ मुदतीचे येतात, म्हणजे एका प्रदक्षिणेला २०० वर्षांहून जास्त घेणारे. हॅलेसारख्या नेमाने येणाऱ्याला ‘पी’ लागतो: तो १९८६ मध्ये येऊन गेला, आता जुलै २०६१ मध्ये परत. २०२३ हे शोधाचं साल. ‘ए’ म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, ‘बी’ म्हणजे दुसरा, असं पुढे वर्षभर. फक्त ‘आय’ हे अक्षर यात वगळतात. आकडा त्या पंधरवड्यातला क्रमांक. शेवटी शोधणाऱ्याचं नाव. इथे ते चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेचं आणि अ‍ॅटलस या आकाशावर पाळत ठेवणाऱ्या दुर्बीणयंत्रणेचं आहे. हल्ली नावं यंत्रणांचीच जास्त, पण पूर्वी माणसांची असायची आणि त्यात एक आपलंही आहे. भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बापू हार्वर्डला शिकत असताना १९४९ मध्ये त्यांना एका छायाचित्रावर नवा धूमकेतू सापडला, तो बापू-बोक-न्यूकर्क म्हणून नोंदला गेला.

हे दीर्घ मुदतीचे पाहुणे येतात ऊर्ट मेघातून. यान ऊर्ट या डच शास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलेली ही कल्पना: सूर्यमालेभोवती, पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारो ते लाखभर पट लांब, बर्फाळ गोळ्यांचं अफाट गोल कवच आहे. एखाद्या जवळून जाणाऱ्या ताऱ्याच्या किंवा आकाशगंगेच्या ओढीने त्यातला एखादा गोळा आत घसरतो. या प्रवासाला लाखो वर्षं लागतात, पण आपल्याला सुगावा लागतो तो अगदी शेवटच्या टप्प्यात. ह्याकुताके धूमकेतू जानेवारी १९९६ च्या अखेरीस सापडला आणि २५ मार्चला पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवर होता. दोन महिनेही मिळाले नाहीत. त्सुचिनशान-अ‍ॅटलसने मात्र पावणेदोन वर्षांची सवड दिली. म्हणून पुढचा मोठा धूमकेतू कधी येणार याचं वर्षभराचं वेळापत्रक कुणी देत असेल, तर ते फक्त आधीच सापडलेल्या धूमकेतूंचं आहे हे लक्षात ठेवा.

आणि ते ऐंशी हजार वर्षांचं? ते फार मनावर घेऊ नका. ज्या धूमकेतूची कक्षा जवळजवळ परवलयासारखी, म्हणजे टोकं कधीच न जुळणाऱ्या उघड्या वक्रासारखी असते, त्याच्या मुदतीचा आकडा मोजमापात किंचित फरक पडला तरी हजारो वर्षांनी हलतो. शिवाय वाटेत गुरू असतो, त्याच्या ओढीने कक्षाच बदलते. हेल-बॉप आत येताना सुमारे ४,२०० वर्षांच्या कक्षेत होता. एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूजवळून गेला आणि परत निघाला तेव्हा ती सुमारे अडीच हजारांवर आली होती. बातमीतला वर्षांचा आकडा चहाच्या टपरीवर सांगायला ठीक, निरीक्षणाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पायरी २: प्रत वाचा आणि तिच्यातून वजावट करा

ताऱ्यांची तेजस्विता ‘प्रत’ या मापात सांगतात. आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी. शुक्र उणे ४ च्या आसपास, स्वाती जवळपास शून्य, चित्रा १, ध्रुव २, आणि चांगल्या काळोखात साध्या डोळ्याला दिसणारे शेवटचे तारे ६ च्या आसपास.

आता इथेच नवखे फसतात. धूमकेतूची प्रत ४ आहे म्हटल्यावर त्यांना वाटतं, चार प्रतीचा तारा दिसतो तर हाही दिसणार. पण ताऱ्याचा सगळा प्रकाश एका टिंबात असतो, धूमकेतूचा तोच प्रकाश धुरकट डागावर पसरलेला असतो. शहराच्या उजेडात असा डाग आधी पुसला जातो. माझा हिशेब असा: सांगितलेल्या आकड्यात माळावर एक मिळवायचा, साताऱ्याच्या हद्दीत तीन. म्हणजे चार प्रतीचा धूमकेतू चाळकेवाडीच्या पठारावर पाच प्रतीच्या ताऱ्याइतका अवघड, आणि राजवाड्याच्या चौकात दिसणारच नाही. एक किंवा त्याहून तेजस्वी असेल तरच गच्चीवरून प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

तो आकडाही बातमीतला घेऊ नका. धूमकेतू बघणारे जगभरचे हौशी लोक रोज अंदाज नोंदवतात. ‘कॉब्स’ नावाची नोंदवही स्लोव्हेनियातून चालते, आणि जपानच्या सेइची योशिदा यांचं साप्ताहिक पान तर या मंडळींचं पंचांगच आहे. गेल्या दोन-तीन दिवसांत लोकांनी प्रत्यक्ष काय पाहिलं ते तिथे कळतं. सहा महिन्यांपूर्वीचं भाकीत आणि कालची नोंद यात फरक दिसला तर कालच्या नोंदीवर विश्वास ठेवा.

पायरी ३: भिंतीवरची दिनदर्शिका काढा

ही पायरी मराठी घरात फुकट मिळते आणि तरी कुणी वापरत नाही.

धूमकेतू तेजस्वी असतो तेव्हा तो सूर्याजवळ असतो. म्हणून तो एकतर संध्याकाळी पश्चिमेला दिसतो किंवा पहाटे पूर्वेला. मध्यरात्री डोक्यावर दिसणारे अपवाद. आपल्याला फक्त त्या तासाभरात चंद्र नको असतो.

संध्याकाळचा धूमकेतू असेल तर कृष्णपक्ष आपला. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो, पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर. संकष्टीचा चंद्रोदय प्रत्येक दिनदर्शिकेत छापलेला असतो. तो बहुधा साडेआठ-नऊच्या आसपास असतो, म्हणजे तोवर आपलं काम होऊन आपण घाट उतरायला लागलेले. संकष्टीपासून अमावास्येपर्यंत, आणि पुढे चंद्राची कोर अगदी बारीक असेपर्यंत, साधारण शुक्ल तृतीया-चतुर्थीपर्यंत, संध्याकाळ मोकळी. पहाटेच्या धूमकेतूला नेमकं उलट: शुक्लपक्षात द्वादशीपर्यंत चंद्र पहाटेआधी मावळलेला असतो.

या हिशेबाचा खरा अर्थ २०२४ मध्ये कळला. त्सुचिनशान-अ‍ॅटलस २७ सप्टेंबरला सूर्यापासून ५ कोटी ८० लाख किलोमीटरवरून फिरला आणि १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीपासून ७ कोटी किलोमीटरवर होता. त्यानंतर तो संध्याकाळच्या आकाशात रोज थोडा वर चढत होता, पण तेवढ्यातच कोजागरी आली, १६ ऑक्टोबरला. आटवलेल्या दुधाला चंद्र हवा, शेपटीला नको. संकष्टी २० तारखेला होती, तोवर धूमकेतू बराच फिका झालेला. १३ ते १५ या मधल्या दिवसांतही चंद्र होताच, पण धूमकेतू तेजस्वी होता; ते दिवस ज्यांनी धरले, त्यांना तो सगळ्यात चांगला मिळाला. पुढच्या वर्षी सी/२०२५ ए६ लेमनने उलट कृपा केली: पृथ्वीच्या सर्वांत जवळ, ८ कोटी ९० लाख किलोमीटरवर, तो आला २१ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या अमावास्येला. चंद्राचा पत्ता नाही. फटाक्यांचा धूर मात्र होता, आणि त्यासाठी गाव सोडणं भाग होतं.

पायरी ४: दिशा ठरली की डोंगर निवडा

सातारकरांनी ही पायरी नीट वाचावी, कारण आपलं शहर धूमकेतू पाहायला सोयीचं वसलेलं नाही. दक्षिणेला अजिंक्यतारा अगदी अंगावर. पश्चिमेला यवतेश्वरची रांग. पूर्वेला महामार्ग, एमआयडीसी आणि त्यापलीकडे जरंडेश्वराचा डोंगर.

यवतेश्वरची रांग शहरावर साधारण चारशे-पाचशे मीटर उभी आहे. चार किलोमीटरवरून बघितलं तर ती क्षितिजापासून सहा-सात अंश आकाश झाकते. हे थोडं वाटतं. पण आपल्या अक्षांशावर, म्हणजे साडेसतरा-अठरा अंशांवर, पश्चिमेचे तारे जवळजवळ सरळ खाली उतरतात, तासाला चौदा अंशांच्या आसपास. म्हणजे डोंगर तुमची पंचवीस-तीस मिनिटं खातो. संधिप्रकाश विरून पुरेसा काळोख व्हायला सूर्यास्तानंतर पाऊण तास जातो, आणि कमी उंचीवरचा धूमकेतू दीड तासात मावळतो. मधल्या पाऊण तासातला अर्ध्याहून जास्त वेळ डोंगराला दिला तर उरतं काय?

म्हणून संध्याकाळच्या धूमकेतूला शहर सोडून वर चढा. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलात की पश्चिम मोकळी होते आणि शहराचा उजेड पाठीमागे, खाली राहतो. सज्जनगडावरून पुढे ठोसेघर आणि त्याच्या वर चाळकेवाडीचं पठार, हे मला त्याहून सरस वाटतं: पश्चिमेला कोयनेचं खोरं, वस्ती विरळ, क्षितिज खूप खाली. पवनचक्क्यांची पाती अधूनमधून आडवी येतात, तेवढ्यापुरतं शंभर पावलं सरकायचं. महाबळेश्वरकरांनी सूर्यास्ताचा बॉम्बे पॉइंट धरावा, फक्त गर्दी आणि गाड्यांचे दिवे पांगेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी.

पहाटेच्या धूमकेतूला गणित उलटतं. पश्चिमेच्या पठारांवर पहाटे धुकं बसतं, आणि पावसाळ्यानंतरचे काही आठवडे तर ते हमखास. तेव्हा पूर्वेला जायचं. कोरेगाव ओलांडून पुसेगावच्या पुढे गेलात की खटाव-माणचा उघडा माळ सुरू होतो. वडूज, दहिवडी, म्हसवड हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. तिथल्या लोकांनी पावसाची वाट पाहण्यात आयुष्यं काढली, पण आकाश बघणाऱ्याला त्या कोरड्या हवेसारखी हवा जिल्ह्यात कुठे नाही. क्षितिज सपाट, दिवे लांब, दव कमी. सप्टेंबरअखेरी कासवर ढग उतरलेले असतात तेव्हाही माणात तारे मिळण्याची शक्यता खूप जास्त.

कराड आणि कृष्णाकाठच्या मंडळींना एक अडचण वेगळी आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांचा धूर, पाचट पेटवल्याचा धूर आणि नदीकाठचं धुकं असा थर खोऱ्यात रात्री साचून राहतो. त्याच्या वर चढल्याशिवाय पाच-दहा अंशांवरची फिकी वस्तू दिसत नाही. सांगली-मिरजेकडच्यांनी दंडोबाचा डोंगर किंवा सरळ जतच्या बाजूचा माळ गाठावा.

जागा दिवसा एकदा बघून या, आणि मोबाइलच्या होकायंत्राने धूमकेतूच्या मावळायच्या दिशेला झाड, टॉवर, घर काही आहे का तपासा. ‘पश्चिम’ म्हणजे नेमकी पश्चिम नसते. लेमन वायव्येकडे झुकलेला होता, त्सुचिनशान-अ‍ॅटलस जवळजवळ ठीक पश्चिमेला.

पावसाळ्याबद्दल काय सांगायचं? जून ते सप्टेंबर आपल्या हातात नाही. जुलै २०२० मध्ये उत्तर गोलार्धाने निओवाइज धूमकेतू साध्या डोळ्यांनी पाहिला, आपण पत्र्यावरचा पाऊस ऐकला. अशा वेळी माणचा माळ हीच एक आशा, तीही ढगांतल्या फटीवर.

पायरी ५: सामान

थोडक्यात: ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री. काही हजारांत नवी मिळते, पक्षी बघणाऱ्या मित्राकडे असतेच. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वीसपट-तीसपटवाल्या जाहिरातींच्या नादी लागू नका. हातात थरथरतात आणि आकाशाचा तुकडा इतका लहान दाखवतात की त्यात धूमकेतू सापडतच नाही. मोठी दुर्बीण डोक्याचा मधला दाट भाग जवळून बघायला छान, पण लांब शेपटी तिच्यात मावत नाही.

बाकी: लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला टॉर्च, सतरंजी, पाणी, स्वेटर. मोबाइलवर स्टेलॅरियमसारखं आकाशाचं अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये नवा धूमकेतू आपोआप असेलच असं नाही आणि जुनी कक्षा भरलेली असेल तर जागा चुकते, म्हणून घरून निघण्याआधी माहिती ताजी करून घ्या. आणि पडद्याचं चित्र टिपून ठेवा, कारण चाळकेवाडीच्या पुढे रेंज जाते-येते.

पायरी ६: प्रत्यक्ष संध्याकाळ

सूर्यास्ताआधी पोहोचा. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत द्विनेत्री पिशवीतच राहू द्या. ही औपचारिक सूचना नाही. धूमकेतू सूर्याजवळ असतो, तो शोधताना भिंगातून क्षणभर सूर्य डोळ्यात आला तर डोळा कायमचा जातो. पहाटेच्या वेळी धोका जास्त, कारण शोधण्याच्या नादात सूर्योदयाचं भान राहत नाही. सूर्योदयाआधी वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की थांबा. मुलं सोबत असतील तर द्विनेत्री त्यांच्या हातात एकटी सोडू नका.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने पहिले तारे दिसू लागतात. तुमचे खुणेचे तारे आधी पक्के करा. २०२४ च्या त्या दिवसांत डावीकडे खाली शुक्र, उजवीकडे स्वाती, आणि धूमकेतू साधारण दोघांच्या मधोमध. लेमनच्या वेळी स्वाती क्षितिजालगत आणि धूमकेतू तिच्या वर. अशी दोन खुणांची जोडी घरून ठरवून निघा.

अंतर मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की दहा अंश, मधली तीन बोटं पाच, करंगळी एक. आपल्याकडून ध्रुव क्षितिजापासून सुमारे अठरा अंश, म्हणजे दोन मुठींना थोडा कमी. तो मोजून तुमच्या मुठीची खात्री करून घ्या.

मग द्विनेत्री खुणेच्या ताऱ्यावर रोखा, तारा अगदी बारीक टिंब होईपर्यंत स्पष्ट करा आणि तिथून धूमकेतूच्या दिशेने सावकाश, पट्ट्यापट्ट्याने सरका. शोधायचं काय? फोटोतली शेपटी नाही. ओल्या बोटाने काच पुसल्यावर राहतो तसा एक धूसर डाग, मध्ये जरा दाट, एका बाजूला ओघळल्यासारखा. एकदा द्विनेत्रीत सापडला की नुसत्या डोळ्याने त्याच जागी बघा. दिसला नाही तर त्याच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या कडेला मंद प्रकाश जास्त जाणवतो, आणि शेपटीची लांबी तर बहुतेक वेळा अशा तिरक्या नजरेनेच कळते.

काळोखाला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा पडदा ती दोन सेकंदांत घालवतो. दोस्तांच्या टोळक्यात एकजण तरी दर पाच मिनिटांनी रील तपासतो. त्याला गाडीत बसवा.

शेपटी सूर्याच्या उलट दिशेला असते, धूमकेतू जातोय त्याच्या मागे नव्हे. परत निघालेला धूमकेतू शेपटी पुढे करून चालतो. शेपट्या दोन असतात. धुळीची रुंद, पिवळसर आणि वाकलेली. वायूची सरळ, निळसर आणि बारीक, सौरवाऱ्याने सूर्यापासून थेट लांब ढकललेली. डोळ्याला बहुधा फक्त धुळीची दिसते. फोटोत डोकं हिरवं येतं ते द्विअणू कार्बनमुळे. नुसत्या डोळ्याला रंग दिसला नाही म्हणून नाराज होऊ नका, इतक्या मंद प्रकाशात डोळा रंग ओळखतच नाही. क्वचित एक अणकुचीदार शेपटी सूर्याकडेही रोखलेली दिसते. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यात पृथ्वी त्या धूमकेतूच्या कक्षेचं प्रतल ओलांडत होती, तेव्हा कक्षेत मागे सांडलेली धूळ आपल्याला कडेने, रेघेसारखी दिसली.

फोटो काढायचाच असेल तर

आधी बघा, मग काढा. आजकालचे फोन तिपाईवर ठेवून नाइट मोडमध्ये दोन-तीन प्रतीचा धूमकेतू सहज टिपतात. हाताने धरून नाही जमत. दगडावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेरा असेल तर ५० मिमीचं भिंग, छिद्र शक्य तितकं उघडं, आयएसओ १६०० च्या आसपास. किती सेकंद ठेवायचं याचा ढोबळ नियम: ५०० ला भिंगाच्या मिमीने भागा. ५० मिमीला दहा सेकंद. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर सहा-सात. त्याहून जास्त ठेवलं तर तारे रेघा होतात. समोर पवनचक्की किंवा गडाची कड आली तर फोटोला जागा कळते. नाहीतर तो कुठूनही काढलेला वाटतो.

रात्रीची शिस्त

कास-बामणोलीकडे रात्री गवे रस्त्यावर येतात आणि ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. एकट्याने जाऊ नका, गाडीपासून फार लांब जाऊ नका, उसाच्या कडेला सतरंजी टाकू नका. कासच्या फुलांच्या पठारावर पाय ठेवायचा नाही, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेतूनच बघायचं. गडावर थांबायचं तर दरवाजा कधी बंद होतो ते दिवसाच विचारून घ्या. माणात कुणाच्या रानात उभे असाल तर वस्तीवर जाऊन आधी सांगा. अंधारात टॉर्च घेऊन फिरणारी चार माणसं बघून कुत्री सुटतात, आणि मालकही. सांगितलंत तर उलट तेच चहा पाजतात आणि घरची सगळी माणसं द्विनेत्रीसाठी रांगेत येतात.

तिथे म्हातारी माणसं हमखास विचारतात, शेंडेनक्षत्र निघालं म्हणजे काही वाईट तर नाही ना? वाद घालू नका, द्विनेत्री द्या. १६८० च्या हिवाळ्यात जगभर दिसलेल्या महाकाय धूमकेतूने किती लोकांची झोप उडवली असेल, पण न्यूटनने त्याच्याच नोंदी घेऊन धूमकेतूही ग्रहांसारखे सूर्याच्या ओढीने ठरलेल्या वाटेने फिरतात हे दाखवलं. ही गोष्ट द्विनेत्री हातात असताना सांगितली तर लोक ऐकतात.

पायरी ७: तो दगा देईल हे धरून चाला

दीर्घ मुदतीचे धूमकेतू, विशेषतः पहिल्यांदाच आत येणारे, भाकितांना जुमानत नाहीत. लांबवर असताना पृष्ठभागावरचे चटकन उडणारे वायू बाहेर पडतात आणि तो फार तेजस्वी होणार असं वाटतं. जवळ आल्यावर भांडवल संपतं. १९७३ चा कोहौटेक असाच गाजला आणि फिका निघाला. २०१३ मध्ये आयसॉनला वर्षभर ‘शतकातला धूमकेतू’ म्हटलं. २८ नोव्हेंबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे बारा लाख किलोमीटरवरून गेला आणि विरून गेला. डिसेंबरच्या पहाटेसाठी ठरवलेले बेत तसेच राहिले. २०२० च्या वसंतात सी/२०१९ वाय४ अ‍ॅटलस सूर्याजवळ पोहोचण्याआधीच फुटला, आणि त्याच वर्षी २७ मार्चला सापडलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला निओवाइज जुलैत साध्या डोळ्यांना दिसला.

म्हणून एका तारखेवर सगळं लावू नका. तिथी बघून तीन-चार संध्याकाळी राखून ठेवा, पहिलीच सोडू नका. ‘रविवारी सगळे मिळून जाऊ’ म्हणाल तर शनिवारी आकाश निरभ्र असेल आणि रविवारी ढग. उपसूर्याच्या, म्हणजे तो सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याच्या, आधीचे दिवसही वाया घालवू नका. सूर्याला वळसा घालून तो बाहेर येईलच याची हमी कुणी देत नाही.

बघून झालं की घरी येण्याआधी, तिथेच, वहीत चार ओळी लिहा: तारीख, वेळ, जागा, कशातून पाहिला, शेपटी किती बोटं लांब होती, जवळच्या कोणत्या ताऱ्याइतका तेजस्वी वाटला. तेजस्विता ताडायला एक जुनी युक्ती आहे. द्विनेत्रीचा फोकस मुद्दाम बिघडवायचा, म्हणजे तारेही धूमकेतूसारखेच पसरट डाग होतात, आणि मग कोणता डाग बरोबरीचा ते बघायचं. दोन-तीन रात्रींत हात बसतो. अशा नोंदी ‘कॉब्स’वर कुणालाही पाठवता येतात. मदत हवी असेल तर पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तिथे नवख्या माणसाचं स्वागत होतं. शेपटीची दिशा दाखवणारं छोटं चित्र वहीत काढाच, चित्रकला येत नसली तरी. आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच जागी उभं राहून ते चित्र समोर धरा: धूमकेतू कोणत्या ताऱ्याकडे किती सरकला हे तेव्हाच कळतं.